दंडातले बळ आणि मनातले भय

गुढीपाडव्याच्या सकाळी गिरगावातून निघणाऱ्या शोभायात्रेत नऊवारी नेसून, कमरेला ढोल बांधून, तासन् तास टिपरू चालवणाऱ्या तरुणींचे कौतुक सारी मुंबई करते. ढोलाचे ते ओझे वागवून या मुलींचे दंड पुरुषी होतील, अशी शंका त्या दिवशी कोणाच्याही मनाला शिवत नाही. परंतु त्यांच्यापैकीच एखादीने व्यायामशाळेत जाऊन लोखंडी वजने उचलण्याचा मनोदय घरी बोलून दाखवला, की आई, मावशी, शेजारीण आणि क्वचित खुद्द व्यायामशाळेतील शिक्षकही तिला एकच सल्ला देतात : ‘वजने उचलू नकोस, पहिलवानासारखी दिसशील.’ ढोल चालतो, पण लोखंड चालत नाही. या विसंगतीचा उगम शरीरशास्त्रात नाही. तो समाजाच्या मनात आहे आणि म्हणूनच त्याचा विचार सार्वजनिक पातळीवर व्हायला हवा.

प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. चाळिशीकडे झुकलेल्या शिक्षिकेला फळ्यावर लिहिताना दंडाखालचे मांस हलते याचा संकोच वाटतो. कचेरीत जाणारी कारकून स्त्री लोकलमध्ये कडी धरताना पदर सावरून घेते. दादरच्या किंवा गिरगावच्या शिंप्याकडे पोलक्याची बाही कोपरापर्यंत शिवण्याचा आग्रह धरला जातो. मग उपास होतात, तेलाची मालिश होते, जाहिरातीतला पट्टा विकत आणला जातो. या साऱ्या खटाटोपाच्या मुळाशी दोन गृहीते असतात. वजने उचलली की बाई पहिलवान होते, हे पहिले आणि ज्या जागी चरबी आहे तीच जागा हलवली की तेथली चरबी झडते, हे दुसरे. ही दोन्ही गृहीते चुकीची आहेत आणि त्यांच्या कचाट्यात सापडून स्त्री दंडाच्या शोभेला तर मुकतेच, पण त्याहून मोलाच्या गोष्टीला, म्हणजे बळाला मुकते.

मुळात दंड सैल पडतो तो का? दंडाच्या मागच्या बाजूस तीन शिरांचा एक मोठा स्नायू आहे आणि दंडाच्या एकूण स्नायूभारापैकी सुमारे दोन तृतीयांश भार त्याचाच असतो. कोपर सरळ करणे आणि वस्तू दूर लोटणे ही त्याची कामे. शहरी जीवनात ही कामे फारशी पडत नाहीत. पिशवी हाताला लोंबकळत न्यायची असते, लोटायची नसते आणि डोक्याच्या वर तर काहीच उचलायचे नसते. जो अवयव वापरात नाही त्यावर शरीर खर्च करीत नाही. शिवाय तिशीनंतर दर दहा वर्षांत माणसाचा सुमारे ३ ते ८ टक्के स्नायूभार कमी होत जातो, असे वैद्यकशास्त्र मानते. स्नायू ओसरतो, त्याची जागा चरबी घेते आणि वरची कातडी सैल पडते. म्हणजे दंड लोंबू लागतो तो केवळ चरबी वाढल्यामुळे नव्हे, तर आतला आधार नाहीसा झाल्यामुळेही. भिंत खचली असता छपराची कौले उतरवून जसे घर सावरत नाही, तसे केवळ उपास करून दंड सावरत नाही. उलट व्यायामाविना केलेल्या उपासात चरबीबरोबर स्नायूही झिजतो आणि वजनकाट्यावरचा आकडा उतरला तरी दंड पूर्वीपेक्षा अधिकच सैल दिसतो.

भारतीय शरीराच्या बाबतीत तर ही गोष्ट विशेषच लक्षात घेण्याजोगी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच उदाहरणे मांडली. उंचीच्या प्रमाणात वजनाचा निर्देशांक दोघांचाही सारखाच, २२.३ होता. पण शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के भरले. बारीक दिसणाऱ्या भारतीय देहात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते, हे त्यांनी जगाला दाखवून दिले. ‘आमची मुलगी कुठे जाड आहे, तिला कशाला हवा व्यायाम?’ असे विचारणाऱ्या प्रत्येक घराने हे आकडे मनाशी ठेवावेत. सडपातळ असणे म्हणजे सशक्त असणे नव्हे.

आता दुसऱ्या गृहीतकाकडे वळू. ज्या भागाला व्यायाम द्यावा तेथलीच चरबी वितळते हा समज इतका लोकप्रिय आहे, की त्यावर कित्येकांचे व्यवसाय चालतात. टेनिसपटूचा एक हात वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या कितीतरी पट अधिक काम करतो. हा समज खरा असता, तर त्या हातावरची चरबी दुसऱ्या हातापेक्षा पातळ असायला हवी होती. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी टेनिसपटूंचे दोन्ही हात मोजून पाहिले. खेळणारा हात आकाराने थोडा मोठा होता, पण कातडीखालच्या चरबीची जाडी दोन्हीकडे सारखीच होती. चरबी हा साऱ्या देहाचा सामायिक साठा आहे. तो कोठून आधी उपसावा हे देह ठरवतो, देहाचा मालक नव्हे. म्हणून हातात अर्ध्या किलोचे डंबेल घेऊन दंड शंभर वेळा हलवल्याने दंडाची चरबी झडत नाही. साऱ्या शरीराची चरबी आहाराने आणि चालण्या-पळण्याने हळूहळू उतरते. दंडाला आकार येतो तो आतला स्नायू भरल्यामुळे, आणि स्नायू भरण्यासाठी त्याला जड वाटेल असे वजन द्यावे लागते.

येथेच ते जुने भय आडवे येते. जड वजन उचलले तर बेटकुळ्या येतील! हे भय ज्यांच्या मनात असते, त्यांनी एकदा व्यायामशाळेतील तरुण पुरुषांना विचारून पाहावे. लालबाग-परळच्या व्यायामशाळांत रोज घाम गाळणारे, अंडी आणि दूध मोजून घेणारे कित्येक तरुण वर्षानुवर्षे बेटकुळीची वाट पाहत असतात. स्नायू भरदार होण्यास कारणीभूत असलेले टेस्टोस्टेरॉन हे द्रव्य पुरुषाच्या शरीरात स्त्रीपेक्षा साधारणपणे १० ते २० पट अधिक असते. ते असूनही जे पुरुषाला सहजी साधत नाही, ते आठवड्यातून दोनदा तासभर व्यायाम करणाऱ्या गृहिणीला नकळत साधेल, ही कल्पना म्हणजे परसात चार रोपे लावून त्याचे अरण्य होईल म्हणून भिण्यासारखे आहे. स्त्रीचा स्नायू व्यायामाने वाढत नाही असे नव्हे. तो वाढतो, पण मूळ भांडवलच लहान असल्याने ती वाढ भरीव आणि आटोपशीर राहते. चित्रांत दिसणाऱ्या शरीरसौष्ठवपटू स्त्रियांचे देह हे अनेक वर्षांच्या दैनंदिन कष्टांचे, काटेकोर आहाराचे, स्पर्धेपूर्वीच्या विशेष तयारीचे आणि काहींच्या बाबतीत बाहेरून घेतलेल्या औषधांचे फळ असते. ते चुकून कोणाला लाभत नाही.

बळ आणि आकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा दाखला १९९० साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगाने दिला. वृद्धाश्रमातील नव्वदीच्या घरातल्या दुर्बळ स्त्री-पुरुषांना आठ आठवडे पायांसाठी वजनांचा व्यायाम देण्यात आला. त्यांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले, पण मांडीतील स्नायूंचे क्षेत्र मात्र अवघे ९ टक्के वाढले. कारण बळाचा मोठा हिस्सा मज्जातंतूंच्या शिकण्यात असतो. जे स्नायूतंतू वर्षानुवर्षे निजून होते ते कामाला लागतात. आकार पुढे सावकाश आणि थोडका येतो.

ज्यांना प्रयोगांपेक्षा प्रत्यक्ष माणसे पटतात, त्यांच्यासाठी उदाहरणांची वाण नाही. २०२१ साली टोकियो ऑलिम्पिकमध्ये ४९ किलो गटात रौप्यपदक मिळवणाऱ्या मीराबाई चानूने क्लीन अँड जर्क प्रकारात ११५ किलो, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार डोक्यावर पेलला. पुणे जिल्ह्यातील वडगाव मावळच्या हर्षदा गरुडने २०२२ साली ४५ किलो गटात एकूण १५३ किलो वजन उचलून जागतिक कनिष्ठ विजेतेपद मिळवले. भारतासाठी हा मान मिळवणारी ती पहिलीच. एवढी जड वजने उचलणाऱ्या या मुली वर्षानुवर्षे सराव करूनही ४५ आणि ४९ किलोंच्याच गटांत राहिल्या, मग दोन-चार किलोंची डंबेल्स उचलणाऱ्या शिक्षिकेने कशाला धास्तावावे? इतके दूर जायचे नसेल तर दादरच्या शिवाजी पार्कावरील श्री समर्थ व्यायाम मंदिरात डोकवावे. तेथे मुली दोरीच्या मल्लखांबावर केवळ हातापायांच्या पकडीवर आपला सारा देह वर ओढून नेतात. मल्लखांबाच्या प्रसाराबद्दल २०२४ साली पद्मश्री मिळालेले उदय देशपांडे यांनी याच संस्थेत अनेक पिढ्या घडवल्या आणि दृष्टिहीन मुलींनाही हा खेळ शिकवला. स्वतःचा देह हे काही हलके वजन नव्हे. तरीही या मुलींचे दंड फुगलेले नसतात, ते काटक असतात.

‘काटक’ हा शब्द मराठीने फार विचाराने घडवलेला दिसतो. त्यात देहाचा फुगवटा नाही, तर टिकाऊपणा आहे. डोईवर पाण्याचे हंडे वाहणाऱ्या, भातलावणीत दिवसभर वाकणाऱ्या कोकणातल्या बायकांचे वर्णन याच शब्दाने होते. स्त्रीच्या बळासाठी भाषेत असा नेमका शब्द असताना, वजने उचलणाऱ्या स्त्रीसाठी मात्र ‘पहिलवान’ हा एकच शब्द जिभेवर यावा, हे आश्चर्य आहे.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. पूर्वी बायका जात्यावर दळत, उखळात कांडत, पाट्यावर वाटत, त्यांना कोठे हवी होती व्यायामशाळा? आजच्या बायकांनी मिक्सर बंद करावा, म्हणजे दंड आपोआप सुधारतील, असा उपदेश करणारे बहुधा पुरुष असतात आणि पाट्यावर वाटण वाटण्याचा अनुभव त्यांच्या गाठी नसतो. गिरणगावाचाच इतिहास पाहावा. गिरण्यांच्या वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत बायका दिवसभर उभ्या राहून हात चालवीत. चाळींतल्या दहा बाय बाराच्या खोल्यांत खाणावळी चालवणाऱ्या बायका गिरणी कामगारांसाठी परातभर पीठ मळून भाकऱ्यांच्या चळती रचत. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारून या बायकांना संघटित केले, ते त्यांच्या कष्टांना मोल मिळावे म्हणून. एवढे कष्ट करून या बायकांच्या वाट्याला आले काय? दुखरे खांदे, आखडलेली मान आणि पोक आलेली पाठ.

कष्ट आणि व्यायाम यांत नेमका हाच भेद आहे. कष्टात तोच हात, तीच हालचाल, थकला तरी थांबायचे नाही आणि पोटाला सर्वांच्या मागून. व्यायामात भार मोजून घेतलेला असतो, तो बेताबेताने वाढवलेला असतो, दोन दिवसांच्या मध्ये विसावा असतो आणि झीज भरून काढणारे अन्न असते. कष्ट देहाला झिजवतात, व्यायाम त्याला घडवतो. जाते-पाटा गेला याबद्दल अश्रू ढाळण्याचे कारण नाही. मात्र त्यांच्या जागी बाईच्या हाताला काही मिळाले नाही, ही खरी उणीव आहे.

वजनाचे भय केवळ अडाणी समजुतीतून आलेले नाही, हेही न्यायाने म्हटले पाहिजे. काही काळ वैद्यकशास्त्रालाही ते होते. परळच्या टाटा रुग्णालयात स्तनांच्या कर्करोगावर उपचार घेऊन बऱ्या झालेल्या स्त्रिया देशभरातून येतात-जातात. अशा शस्त्रक्रियेनंतर हाताला सूज येऊ शकते, म्हणून त्या हाताने जड काही उचलू नये, असाच सल्ला जगभर देण्याची प्रथा होती. २००९ साली अमेरिकेत सूज असलेल्या १४१ स्त्रियांवर वर्षभर झालेल्या अभ्यासात असे दिसले, की देखरेखीखाली, बेताबेताने वाढवत नेलेल्या वजनांनी सूज वाढली नाही. उलट ती बळावण्याचे प्रसंग कमी झाले आणि हातात बळ आले. अर्थात अशा रुग्णांनी स्वतःच्या डॉक्टरांना विचारल्यावाचून काही करू नये. पण शास्त्राने आपले भय तपासून पाहिले आणि सोडून दिले, तसे समाजाला का करता येऊ नये?

मग करावे काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या शिफारशींत प्रौढांसाठी आठवड्यातून किमान दोन दिवस साऱ्या प्रमुख स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला आहे. दंडासाठी मोजक्या हालचाली पुरतात : भिंतीला किंवा ओट्याला हात टेकून जोर काढणे, डंबेल खांद्यापासून डोक्याच्या वर नेणे, ते डोक्यामागे धरून कोपर सरळ करणे, आणि पुढे वाकून भार पोटाकडे ओढणे. वजन असे निवडावे, की आठ ते बारा आवर्तनांत शेवटची दोन कष्टाची वाटावीत, पण हालचाल बिघडू नये. पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली एक किलोची असते. आरंभ तिच्यापासून करायला हरकत नाही. बारा आवर्तने सहज होऊ लागली, की वजन थोडे वाढवावे. बहुतेक जणी नेमके येथेच अडतात. एकाच किलोचे गुलाबी डंबेल पाच वर्षे हलवत राहणे म्हणजे पहिलीचे पुस्तक पाच वर्षे वाचत राहणे होय. केवळ दंडावर न थांबता पाय आणि पाठ यांनाही त्याच वेळी काम द्यावे, कारण देहाचे मोठे स्नायू तेथे आहेत. रक्तदाब, हृदयविकार, आखडलेला खांदा अशा तक्रारी असतील तर आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. आणि स्नायू हवेतून बनत नाही हे विसरू नये. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ५५ किलो वजनाच्या स्त्रीसाठी दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली आहे. मटकीची उसळ, घट्ट वरण, दही, शेंगदाणे, अंडी, बांगडा यांतून ती मिळू शकतात. पण सर्वांना वाढून झाल्यावर उरलेल्या रश्श्याशी भात कालवणाऱ्या बाईला ती मिळत नाहीत. दंडाचा प्रश्न असा पानापर्यंत जाऊन पोहोचतो. या साऱ्याला मर्यादाही आहेत. वजन फार उतरल्यामुळे लोंबणारी कातडी व्यायामाने पूर्ण आवळत नाही आणि चरबी कोठे साठावी यात आनुवंशिकतेचाही हात असतो. परंतु तीन-चार महिन्यांच्या नियमाने दंड भरीव होतो आणि पिशव्या हलक्या वाटू लागतात, हे कोणालाही पडताळून पाहता येईल.

पडताळायचे कोठे, हा मात्र खरा अडसर आहे. सातारा, सांगली, कोल्हापूरकडून गिरण्यांत आलेल्या कामगारांनी आपल्याबरोबर तालमीची परंपरा आणली आणि गिरणगावाच्या गल्लीबोळांत व्यायामशाळा उभ्या राहिल्या. त्या परंपरेचे ऋण मोठे आहे, पण ती परंपरा पुरुषांची होती. मारुतीच्या तसबिरीखाली जोर-बैठका काढणाऱ्यांत लेकीसुनांना जागा असावी, हे कोणाला सुचले नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, त्यांच्या जमिनींवर मनोरे उठले आणि मनोऱ्यांत काचेच्या भिंतींच्या वातानुकूलित व्यायामशाळा आल्या. तेथे स्त्रियांना मज्जाव नाही, मज्जाव आहे तो शुल्काचा. म्हणजे जी व्यायामशाळा परवडते तेथे संकोच आणि जेथे संकोच नाही ती परवडत नाही, अशा पेचात चाळीतली सून आणि पालिका शाळेतली शिक्षिका अडकली आहे.

हा पेच सोडवणे अवघड नाही. मंडळांच्या व्यायामशाळा दुपारी बहुधा रिकाम्या असतात. त्यांनी दिवसाचे दोन तास स्त्रियांसाठी राखावेत आणि एखाद्या जाणत्या स्त्री-शिक्षिकेची नेमणूक करावी. लालबाग-परळात मुलींच्या कबड्डीची परंपरा जुनी आहे. खेळातून निवृत्त झालेल्या या खेळाडू असे काम उत्तम करू शकतील. उद्यानांत बसवलेल्या व्यायामयंत्रांवर भार वाढवण्याची सोय बहुधा नसते. त्यांच्या जोडीला चार-सहा डंबेल्सचे संच असलेली खोली पालिकेने दिली, तर खर्च नाममात्र आहे. शाळांतील शारीरिक शिक्षणाच्या तासाला मुलींना बाजूला बसवून ठेवण्याची सवलत ही सवलत नसून वंचना आहे, हे मुख्याध्यापकांनी ओळखावे.

दंड सुडौल दिसावा ही इच्छा म्हणजे रूपाची गुलामी आहे, असे काही विचारवंत म्हणतील. त्यात तथ्य नाही असे नाही. सैल दंडाची लाज वाटण्याचे कोणालाही कारण नाही. परंतु शोभेच्या इच्छेने का होईना, स्त्री एकदा लोखंडाला हात लावू लागली, की शोभा मागे पडते आणि बळाची गोडी लागते. रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ होऊ लागतात, तोल जातो, पडल्यावर मनगट किंवा खुबा मोडतो आणि चौथ्या मजल्यावरच्या खोलीत उरलेले आयुष्य खाटेवर जाते. असे म्हातारपण या शहराच्या चाळींनी पुष्कळ पाहिले आहे. खुर्चीच्या हातांवर भार देऊन स्वतःचे स्वतः उठता येणे, हे काम दंडाच्या त्याच मागच्या स्नायूचे आहे. तरुणपणी ज्याची फक्त लाज वाटली, त्याची म्हातारपणी गरज पडते. बेटकुळीच्या खोट्या भयाने स्त्रियांना या बळापासून दूर ठेवणाऱ्या समाजाला त्याचा दंड शेवटी परावलंबनाच्या रूपाने घरोघर भरावा लागतो. तो टाळायचा असेल, तर व्यायामशाळांच्या संचालकांनी दार उघडावे आणि घरच्यांनी ‘पहिलवान होशील’ हे वाक्य कायमचे बंद करावे.